मोजायला शिकवणारे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि विषय शोधावा लागलाच नाही. निकाल, स्नेहसंमेलनं, ढाली यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचंय ते आमच्या भूगोलाच्या सरांबद्दल.

पावसाळ्याच्या तोंडावर सर आम्हा आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन अख्खी इमारत पालथी घालायचे. गच्चीवरची पाणी जायची भोकं पाल्यापाचोळ्याने तुंबलीत का, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही, जिन्याखालच्या मेन स्विचपर्यंत पाणी चढेल का, हे सगळं आम्ही एका वहीत टिपायचो. दुरुस्ती मोठ्यांनी करायची, पण शोधून आम्ही काढायचं. ती वही सर स्वतः मुख्याध्यापकांपुढे ठेवत आणि काम होईपर्यंत पिच्छा सोडत नसत. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी, हे त्यांनी आम्हाला गच्चीवर उभं करून शिकवलं. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 50,000 लिटर पाणी! मग ती भोकं साफ ठेवा म्हणून कुणाला सांगावं लागत नसे.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायलाच हवा. आंतरवर्गीय स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता, गुण बरोबरीत, मैदानावर लख्ख ऊन. दूर ढगांच्या कडेला वीज चमकली. सर मैदानाच्या रेषेवर उभे राहून मोठ्याने आकडे मोजू लागले. बावीस म्हणता म्हणता गडगडाट ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे वीज जेमतेम साडेसात किलोमीटरवर. तिसाच्या आत आवाज आला की मैदान रिकामं करायचं, हा सरांचा नियम. त्यांनी शिट्टी मारली आणि सामना तिथेच थांबवला. पाचवीची काही पोरं झाडाखाली जाऊन उभी राहिली होती. आमच्या तुकडीने त्यांना हाताला धरून वर्गात आणलं, कारण कुणी कुणाला आणायचं हे आधीच ठरलेलं होतं. मग हजेरीपट घेऊन एकेकाचं नाव पुकारलं. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं होईपर्यंत कुणालाही बाहेर सोडलं नाही आणि मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी मैदानावर पाऊस पडलाच नाही. पाहुणे नाराज झाले, कुजबुज झाली. पण पाऊस नसलेल्या ठिकाणीही वीज पडू शकते, आणि सर त्या दिवशी शंभर टक्के बरोबर होते, असं मी आजही ठामपणे म्हणते.

आज मी एका रुग्णालयात आपत्कालीन नियोजनाचं काम पाहते. नव्या इमारतीत जनरेटर तळघरात बसवायचं चाललं होतं. पाणी भरलं तर पहिल्यांदा तळघरच भरणार, म्हणून मी अडून बसले आणि तो वर गेला. हे कुठे शिकलात, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. मी आपल्या शाळेचं नाव सांगितलं.

मध्यंतरी शाळेत येणं झालं. नवी इमारत देखणी आहे, पण पर्जन्यमापकाच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. मॉक ड्रिल होते, मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतात. गच्चीवर जायला मुलांना बंदी आहे. काळजीपोटीच असेल, पण मला वाईट वाटलं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आता घरोघरी मोबाइलवर येतो, ही फार मोठी सोय झाली. तो आल्यावर आपल्या वर्गाची कुठली खिडकी आधी लावायची, हे मात्र त्या वर्गातल्या मुलांनाच ठाऊक असतं.

नवा पर्जन्यमापक मी शाळेला देते. त्याला मोकळी जागा लागेल, जवळच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. तेवढी जागा व्यवस्थापनाने द्यावी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली गच्चीची पाहणी पुन्हा आठवीच्या मुलांकडे सोपवावी. सरांची ती वही कार्यालयातल्या कपाटात कुठे असेल, तर तिची दोन पानं या स्मरणिकेत जरूर छापा.