एफ रांगेतल्या काकू

भयपटात बहुतेक वेळा मोठा नट नसतो. त्यामुळे पोस्टरवर चेहरा कुणाचा लावायचा हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न. २००९ साली 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या ट्रेलरमध्ये सिनेमापेक्षा तो बघणारी, अंधारात किंचाळणारी माणसंच जास्त लक्षात राहिली. साधारण १५ हजार डॉलरमध्ये बनलेला सिनेमा जगभर चालला आणि तेव्हापासून प्रत्येक निर्मात्याला 'रिॲक्शन व्हिडिओ' हवा असतो. ते शूट करणं हे माझं काम.

जुलैमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये असंच एक शूट होतं. हिंदी सिनेमा, यूए १६+ प्रमाणपत्र. ब्रीफमध्ये, म्हणजे निर्मात्याच्या सूचनापत्रात, टीजी (टार्गेट ग्रुप, म्हणजे ज्यांना सिनेमा विकायचा तो प्रेक्षकवर्ग) लिहिला होता: वय १८ ते २४, कॉलेजची मुलं-मुली, रात्रीचे शो.

अंधारात शूटिंग कसं होतं हे लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगते. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून टाकलेला असतो आणि लेन्सवर उलटा फिल्टर लावायचा, जो फक्त इन्फ्रारेडच आत सोडतो. म्हणजे पडद्यावर वीज चमकली तरी चित्र जळत नाही. ८५० नॅनोमीटरचे दिवे स्वस्त आणि जोरदार, पण त्यांचा बारीक लाल ठिपका दिसतो, आणि एकदा तो दिसला की प्रेक्षक पडद्याऐवजी ठिपक्याकडे बघतात. मी ९४० चेच वापरते. चित्र जरा दाणेदार येतं, पण माणसं विसरतात की कुणी बघतंय. आणि दिवे लेन्सच्या शेजारी कधीच ठेवायचे नाहीत, बाजूच्या भिंतींकडे ठेवायचे. नाहीतर सगळ्यांचे डोळे मांजरासारखे चमकतात. बाजारातल्या निम्म्या रिॲक्शन व्हिडिओंमध्ये प्रेक्षकच भुतं दिसतात ते यामुळे. थोडा विचार केला तर टळणारी गोष्ट आहे, पण घाई सगळ्यांना असते.

थिएटरवाले अशा शूटला बिचकतात आणि ते बरोबरच आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर परवानगीशिवाय सिनेमागृहात सिनेमा रेकॉर्ड करणं म्हणजे ३ महिने ते ३ वर्षं तुरुंग. आमच्या फ्रेममध्ये पडदा येतच नाही, तरी निर्मात्याचं पत्र मॅनेजरच्या हातात पडेपर्यंत मी ट्रायपॉडसुद्धा उघडत नाही.

त्या दिवशी पावसाने मध्य रेल्वे रखडली. कल्याण-डोंबिवलीकडून येणारी मुलं अडकली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मॅनेजर म्हणाले, "बाहेर पाच बायका बसल्यात, त्यांचा शो रद्द झालाय. विचारू का?" मानपाड्याच्या एका सोसायटीतला भिशीचा ग्रुप होता. भुताचा सिनेमा आहे म्हटल्यावर एक काकू उठूनच उभ्या राहिल्या. "मग आधी सांगायचं ना! चला गं." संमतीपत्रावर सह्या केल्या आणि एफ रांगेत जाऊन बसल्या.

रात्री फुटेज बघायला बसले. मुलांना कॅमेरा आहे हे माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं. पण मुलं दचकवणारा क्षण यायच्या आधीच तोंडावर हात घेत होती. संगीत थांबलं की आता काहीतरी येणार हे त्यांना पाठ आहे. दोघं-तिघं मोठ्याने हसून मित्रांना दाखवत होते की आपण घाबरलो नाही. यात मुलांचा दोष नाही. आम्हीच त्यांना असं बोलावतो. १९५८ मध्ये अमेरिकेत विल्यम कॅसलने 'मकाब्र' बघताना भीतीने मेलात तर १००० डॉलरचा विमा जाहीर केला, २००८ मध्ये राम गोपाल वर्मांनी 'फूंक' थिएटरात एकट्याने बघणाऱ्याला ५ लाख देऊ केले. हिंमत असेल तर या! अशा हाकेला जो येतो, तो हिंमत दाखवायलाच येणार.

एफ रांगेत वेगळंच चाललं होतं. न्हाणीघरातल्या प्रसंगाआधी पाचही जणी एकदम गप्प. एकीचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात तसाच थांबलेला. दुसरीने शेजारणीचं मनगट धरलं. मग किंकाळी, अगदी खरी, आणि पुढच्याच सेकंदाला एकमेकींच्या अंगावर पडून हसणं. इतक्या वर्षांत भीती आणि तिची मजा एकाच शॉटमध्ये इतकी स्वच्छ मला मिळाली नव्हती.

सिनेमा सुटल्यावर त्यांच्याशी बोलले होते. दुपारचा शो स्वस्त, घरचे कुणी भुताचं बघत नाहीत, म्हणून या पाचजणी एकत्र येतात. राजापूरच्या काकूंना तक्रार होती: "हे भूत कुणालाही धरतं गं. आमच्याकडचं तरी कारण असल्याशिवाय धरत नाही." कथेतली हीच खोट तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकाही समीक्षकाने दाखवली नाही.

मी त्यांच्यावर चाळीस सेकंदांचा कट बांधून पाठवला. निर्मात्याकडून उत्तर आलं, छान आहे, पण टीजी नाही. मुलं हे शेअर करणार नाहीत. काकूंना पाहून सिनेमा म्हाताऱ्यांचा वाटेल. मी फोन केला, भांडले. समोरचा मुलगा मनाने वाईट नाही, पण त्याच्या तक्त्यात पंचेचाळिशीपुढच्या बाईला 'कौटुंबिक' आणि 'भक्तिपर' असे दोनच रकाने आहेत. तिला भीती आवडते यासाठी रकानाच नाही. मुलांचा कट गेला. बरा चालला.

नंतर राजापूरच्या काकूंचा फोन आला, आमचं कधी येणार? सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं. पुढचा कधी आहे?" मला त्या उत्तराने अजून स्वस्थ बसवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी ठाण्यातल्या बुकिंगचे नकाशे उघडून बघत होते. रात्रीच्या शोला तुरळक जोड्या. दुपारी मात्र चार-पाच खुर्च्यांचे सलग गट भरलेले. नकाशा वय सांगत नाही, त्या खुर्च्यांवर कॉलेज बुडवलेली मुलंही असतील. पण कुणी तपासायला तयार नाही याचा मला राग येतो. तिकीटखिडकीवरच्या पोरालाही विचारलं तर तो सांगेल, दुपारी कोण येतं ते.

आता सप्टेंबरमधल्या एका भयपटासाठी मी लेखी प्रस्ताव दिलाय: ठाणे आणि वाशीत मंगळवारी दुपारी भिशी गटांसाठी आगाऊ खेळ, आव्हानाची भाषा एकाही पोस्टरवर नको, 'मैत्रिणींना घेऊन या' एवढंच. खर्च एका रिॲक्शन व्हिडिओपेक्षा कमी आहे, तोही मांडून दिलाय. अजून उत्तर नाही. शुक्रवारी पुन्हा फोन करणार आहे.