कानांना लागलेले वळण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा निरोप आला, तेव्हा कशाविषयी लिहावे असा प्रश्न मला पडलाच नाही. आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या शाळेने मला गणित आणि व्याकरण शिकवले, तसाच केवळ आवाजावरून पक्षी ओळखण्याचा छंदही लावला. पुढे नोकरीनिमित्त गावे बदलली, माणसे बदलली, पण हा छंद सुटला नाही, आणि त्याने दिलेला आनंद आजही तितकाच ताजा आहे.

याचे श्रेय आमच्या विज्ञानाच्या सरांचे. वर्गाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली असे. ज्याला जो आवाज ऐकू येईल त्याने तो स्वतःला उमगेल तशा अक्षरांत त्या वहीत लिहावा, शेजारी वेळ आणि झाड लिहावे, आणि पक्षी प्रत्यक्ष दिसल्याखेरीज त्याचे नाव मात्र लिहू नये, असा सरांचा दंडक होता. मैदानाच्या कडेच्या वडावरून येणारा एकच आवाज कोणी 'कुटर्र कुटर्र' असा लिहिला होता, तर कोणी 'कुत्रू कुत्रू' असा. पुष्कळ दिवस माना वर करून शोधल्यावर पानांच्याच रंगाचा हिरवा कुटुर्गा सापडला आणि सगळ्या नोंदींसमोर एकच नाव पडले. आवाज लिहायचा म्हटला की तो कुठे सुरू होतो, कुठे चढतो, किती वेळा येतो आणि कुठे तुटतो याकडे लक्ष द्यावेच लागते. माझ्या मते पक्ष्यांचे आवाज शिकण्याची याहून चांगली रीत नाही.

पावशाचे उदाहरण घ्यावे. 'पेरते व्हा, पेरते व्हा' ही त्याची हाक आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातील लहान मूलही ओळखते. पण ती हाक प्रत्येक आवर्तनात थोडी वरच्या पट्टीत सरकते, टिपेला पोहोचून एकाएकी थांबते आणि काही वेळाने पुन्हा खालून सुरू होते, हे वहीत लिहिताना प्रथम ध्यानात आले. पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि तिथे सरांनी आम्हांला एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. कावळ्यांची काव काव ऐकत वाढलेले कोकिळेचे पिल्लू मोठे झाल्यावर कावळ्यासारखे ओरडत नाही. नर असेल तर 'कुहू'च म्हणतो, कारण ते गाणे त्याच्यात उपजतच असते. दयाळ, बुलबुल अशा गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळात मात्र पिल्ले मोठ्यांचे ऐकून, घोटून गाणे शिकतात. एकाच आंब्यावर बसलेल्या दोन गायकांपैकी एकाला गुरू लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, हे कळल्यापासून मला दोघांचेही गाणे अधिक आवडू लागले.

नाव आणि कारण कळले की गाण्याची गोडी उणावते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. माणसाचा आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला तयार होतो, तर पक्ष्याचा तळाशी, जिथे नलिका दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते तिथे. दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र ताबा असल्यामुळे कित्येक गाणारे पक्षी एकाच क्षणी दोन वेगळे स्वर काढू शकतात. हे समजल्यावर दयाळाची पहाटेची शीळ ऐकताना मी तिच्यात ते दोन स्वर शोधू लागलो. तांबटाचेही तसेच. भर उन्हात भांड्यावर हातोडी पडावी तशी त्याची 'टुक टुक टुक' चालू असते, पण ती करताना तो चोच मिटून घेतो, गळा फुगवतो आणि मान या बाजूकडून त्या बाजूकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी इकडून तर कधी तिकडून आल्याचा भास होतो. चिमणीएवढ्या त्या पक्ष्याचे तांबडे कपाळ आणि पिवळा गळा सुकलेल्या फांदीच्या टोकावर एकदा दिसले, की ऐकून ओळखलेले डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे समाधान मिळते.

आपल्या भागाचा खरा गवई मात्र शीळकरी कस्तुर. पाऊस सुरू झाला की ओढ्याकाठच्या दगडांतून पहाटे उजाडण्यापूर्वी त्याची शीळ येऊ लागते, आणि अनोळखी माणसाला वाटते की कोणी मुलगा सहज शीळ घालत पाऊलवाटेने चालला आहे. तिला ठराविक चाल नसते. सूर घेतला, सोडला, अर्ध्यावर वळला असे ते गाणे असते, आणि म्हणूनच ते कितीही वेळ ऐकले तरी पुढे काय येईल हे सांगता येत नाही. निळसर काळ्या अंगावर कपाळाची आणि खांद्यांची चकाकती निळाई दिसायला पुरेसा उजेड लागतो, आणि तेवढे उजाडेपर्यंत पहाटेच्या त्या गाण्याला बहुधा ओहोटी लागलेली असते.

मी आता पुण्यात राहतो. तिथेही मार्च उजाडला की समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून दयाळ गातो, आणि शिंपी आपल्या इवल्या देहाला न शोभणाऱ्या खणखणीत आवाजात ओरडतो. आज फोनवर मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगतात आणि त्यांचा मलाही उपयोग होतो; पण भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो तेव्हा फोनच्या उत्तरावर विसंबता येत नाही, झाडाकडे पाहावेच लागते. सरांचा दंडक इथे आजही लागू पडतो.

शाळेला माझी एक विनंती आहे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांच्या निमित्ताने राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. हिवाळी पाहुणे पाहण्यासाठी तो काळ उत्तम आहे, परंतु गाणे ऐकण्यासाठी नव्हे, कारण आपल्याकडच्या बहुतेक गायक पक्ष्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत असतो. मे महिन्यात शाळा बंद असते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटे मुलांना मैदानाच्या कडेला शांत बसवावे. वय वाढते तसे उंच पट्टीचे बारीक आवाज माणसाला आधी ऐकू येईनासे होतात. फुलटोच्याची 'टिक टिक' पूर्वी मला सहज ऐकू येई, आता ती जवळच्या झाडावरूनच ऐकू येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या कानांना अशी कोणतीही मर्यादा नसते. ऐकलेले लिहिण्यासाठी वर्गावर्गांत वह्या टांगाव्यात. त्या वह्यांचा आणि दोन दुर्बिणींचा खर्च आमच्या तुकडीने उचलण्याचे ठरवले असून, पहिल्या आठवड्यात मुलांसोबत बसायला मी स्वतः येणार आहे.