क्रांतिदिन आणि छपरावरचा माड

आज १८ जून, गोव्याचा क्रांतिदिन. भिजतच मडगावच्या लोहिया मैदानावर गेलो. १९४६ मध्ये समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया गोव्यातल्या असोळणे गावी मित्राकडे विश्रांतीला आले आणि पोर्तुगीजांची सभाबंदी इथेच मोडली. (अशी विश्रांती सगळ्या पुढाऱ्यांनी घ्यावी!)

परतीच्या वाटेवर पायलटाची (म्हणजे आमच्याकडच्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याची) मोटारसायकल पेट्रोल पंपावर थांबली. "आखातात युद्ध पेटलं की आमचा धंदा बसतो," म्हणाला. खरंच आहे; देशाचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरचं. कुणाचंही युद्ध असो, भुर्दंड आपल्याला. गोव्याची वीजही बरीचशी राज्याबाहेरून येते.

छपरावर ३ किलोवॅट सौर पॅनेल बसवलं तर केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे. पण आमच्या छपरावर माडाची सावली, आणि माड तोडायला आई तयार नाही. मीही नाही, खरं तर. गोठ्याच्या पत्र्यावर जमेल का, कुणी सांगेल?