ड्रमच्या तळाशी काय भरायचं?

२०० लिटरचा निळा ड्रम मधोमध कापला की १०० लिटरच्या दोन ऐसपैस कुंड्या होतात. वांगी, टोमॅटो, दुधी यांना त्या उत्तम. पण काठोकाठ नुसती माती भरून पाणी घातलं, की एकेकीचं वजन १६० ते १८० किलोंवर जातं. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, आणि अर्धा ड्रम जेमतेम पाव चौरस मीटर जागा घेतो. म्हणून कुंड्या तुळईच्या रेषेत किंवा खालच्या भिंतीवर येतील अशा ठेवाव्यात, छज्ज्यावर कधीच नाही. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. आणि तळाचा भाग हलक्या भरावाने भरावा.

भराव म्हणून थर्माकोल वापरू नका, निदान भाजीच्या कुंडीत तरी नको. मुळं त्यात घुसतात, मुंग्या घर करतात, आणि कुंडी रिकामी करताना त्याचा चुरा होऊन पांढरे मणी खतात मिसळतात. ते पुन्हा कधीच वेचता येत नाहीत. प्लायवूडचा भुसा (त्यात डिंक आणि रसायनं असतात), रंगवलेल्या लाकडाचे तुकडे हेही नको. एएसी ब्लॉकचे (बांधकामातल्या हलक्या, सच्छिद्र विटांचे) तुकडे हलके असले तरी त्यांत चुना-सिमेंट असतं, माती अल्कधर्मी होते. खडीने वजन वाढतंच, शिवाय निचराही सुधारत नाही: बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही, त्यामुळे ओल उलट वर, मुळांजवळ साठते. निचरा होतो तो भोकांमुळे. तळाला १० ते १२ मिमीची ६-८ भोकं आणि ड्रमखाली दोन विटा, एवढं पुरतं.

सगळ्यात चांगला भराव म्हणजे कुजून माती होणारा. नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं, वाळलेला पाला, भाताचं तूस. मावळ-मुळशीकडच्या भाताच्या गिरणीत तूस मिळतं, चिपाडं कुठल्याही रसवंतीवर.

शेंड्या दोन दिवस पाण्यात भिजवून पाणी दोनदा बदला, क्षार आणि तपकिरी अर्क निघून जातो. पहिला थर उपडा ठेवा, म्हणजे भोकांवर हवा खेळती राहते. दुसरा थर उताणा, तो उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतो. शहाळ्याची टरफलं ओली असताना जड असतात, ती चिरून आठवडाभर वाळवावीत. चिपाडातली साखर मुंग्यांना बोलावते आणि ओलसर चिपाडं ढिगात तापतात, म्हणून तीही धुऊन कडक वाळवायची. पाल्यात आंब्याची पानं असतील तर हाताने चुरडा, नाहीतर ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी अडतं. निलगिरीचा पाला टाळा.

४५ सेंमी उंचीच्या अर्ध्या ड्रममध्ये खालचे १८ सेंमी भराव, पायाने दाबून. दाबला नाही तर महिन्याभरात रोप खड्ड्यात जातं. वर २५ सेंमी मिश्रण: एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). ओल्या कुंडीचं वजन ८० ते ९० किलोंच्या आसपास येतं. खात्री हवी तर मिश्रणाची १० लिटरची ओली बादली वजनकाट्यावर ठेवा आणि हिशेब करा. कोरड्या कोकोपीटच्या हलकेपणावर जाऊ नका, ते पाणी भरपूर पितं.

मेथी, पालक, कोथिंबिरीला वर १५ ते २० सेंमी मिश्रण पुरतं, तिथे भराव जास्त चालतो. मिरची, वांगी, टोमॅटोला २५ सेंमीच्या खाली नको. मुळा-गाजराला भरावाची कुंडी देऊच नका, शेंडीला टेकलं की मूळ फुटून वेडंवाकडं होतं.

रोपाची खालची पानं आधी पिवळी पडू लागली तर रोग समजून फवारू नका. कोरडा पाला कुजताना जीवाणू नत्र ओढून घेतात, रोपाला कमी पडतं. पाल्याच्या प्रत्येक थरावर दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड पसरली असती तर ही वेळ येत नाही. आता दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं पातळ खत) द्या.

आणखी एक, पहिल्या पावसानंतर भुंगेरे कच्च्या कुजक्या भरावात अंडी घालतात. पुढे हुमणी होते: पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची. चांगलं दिसणारं रोप अचानक मान टाकतं तेव्हा कडेने १५ सेंमी उकरा, अळ्या हाताने वेचा. वरच्या मातीत कच्चा पाला मिसळू नका, तो तळालाच राहू द्या.

पहिल्या वर्षी भराव जवळजवळ निम्मा खचतो. दर हंगामाच्या शेवटी वर ५ ते ८ सेंमी कंपोस्ट घाला. दोन वर्षांनी ड्रम ओतून काढा: तळाशी काळी, भुसभुशीत माती आणि शेंड्यांचे थोडे तंतू उरलेले दिसतील. ती माती वरच्या मिश्रणात घ्या आणि तळाला नवा पाला भरा. शिशिरात पानगळ जोरात असते तेव्हाच पोती भरून ठेवा.