पाठीमागची सही

जळगावात मी जुन्या शेअरांच्या हस्तांतरणाचे काम करतो. गेल्या पौषात अमळनेरहून सत्तरीचे एक काका मुलाला घेऊन आले आणि त्यांनी धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कागद टेबलावर ठेवला. त्यांचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरीला होते. देश सोडून निघालेल्या एका अँग्लो-इंडियन फोरमनने तो त्यांना दिला होता. आता फोनवरच्या कुणा मध्यस्थाने काकांना सांगितले होते, की या शेअरांचे कोट्यवधी रुपये होतात, फक्त नोंदणीचे चाळीस हजार आधी भरा. दुसऱ्याच दिवशी पैसे भरायचे ठरले होते.

"याले काही मोल शे का, भाऊ?" काकांनी विचारले.

माझ्या संग्रहात अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणींची दोन प्रमाणपत्रे आहेत, पण तिथल्याच नेव्हाडातल्या कॉमस्टॉक या चांदीच्या पट्ट्यातल्या खाणीचे प्रमाणपत्र मी प्रथमच हातात घेत होतो. साल होते १८७६. धारकाच्या नावापुढे 'ट्रस्टी' असे लिहिलेले होते आणि पाठीमागे त्याच माणसाची तपकिरी पडलेली सही होती. सॅन फ्रान्सिस्कोचे दलाल शेअर स्वतःच्या नावावर असे ठेवत आणि पाठीवर सही करून पुढे देत, त्यामुळे खरा मालक कोण हे कंपनीच्या वहीत दिसतच नसे. लोकांना ही आड हवी असे, कारण खाण चालवायला पैसे कमी पडले की कंपनी भागधारकांकडूनच वर्गणी मागे आणि ती न भरणाऱ्याचे शेअर लिलावात काढी. १८७३ मध्ये कॉमस्टॉकमध्ये चांदीचे मोठे घबाड लागले, शेअरांचे भाव चढतच गेले आणि १८७५ च्या सुरुवातीला कोसळले.

मी कागद उजेडासमोर धरला. अध्यक्षांच्या सहीवर भोक पाडलेले होते, आणि मागे डाव्या कडेला वाळलेल्या डिंकाचा पट्टा होता. परत आलेले प्रमाणपत्र भोक पाडून रद्द करीत आणि वहीतल्या त्याच्याच स्थळप्रतीला चिकटवून ठेवीत. म्हणजे याच्यावरचा हक्क तेव्हाच संपलेला होता. मी काकांना स्पष्ट सांगितले, की एक रुपयाही भरू नका. हौशी संग्राहक याचे काही हजार देतील, त्यापलीकडे काही नाही. मुलाचा चेहरा उतरला. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनी यावरच धरलेला होता, हे ऐकून मला फार वाईट वाटले.

मुलगा सराफाकडे कामाला असल्यामुळे त्याने चांदीच्या भावाचे विचारले. जून १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या टांकसाळींनी लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, चांदीचा भाव पडला आणि कोलोरॅडोच्या खाणी धडाधड थांबल्या, हे मी सांगितले तेव्हा काका कागदाकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले. त्यांना तो लॅमिनेट करून हवा होता. मी हात जोडून नको म्हटले आणि पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून दिला. तेवढ्यात मध्यस्थाचा फोन आला. मुलाने तो कापला.

निघताना काका म्हणाले, चौकट करायची तर दोन्ही बाजूंनी काचेची करू, मागची सहीही दिसली पाहिजे.