लुळ्या हाताखालची उशी
नागपुरातल्या एका रुग्णालयात परिचारिकांना पक्षाघाताच्या रुग्णाला कसे झोपवावे आणि केव्हा उठवावे हे शिकवताना मी सुरुवात नेहमी खांद्यापासून करते. लुळा हात धरून रुग्णाला वर ओढले, की स्नायूंचा आधार गेलेला तो सांधा जागेवरून सरकू शकतो आणि पुढे महिनोन्महिने दुखत राहतो. म्हणून रुग्णाला दोघींनी चादरीसह सरकवायचे आणि हात खांद्यापासून बोटांपर्यंत उशीवर टेकवायचा. परवा एका सिस्टरने उशी फक्त मनगटाखाली ठेवली होती, कोपर अधांतरी होते. मी काही बोलण्याआधीच रुग्णाच्या पत्नीने ती वर सरकवली, कारण आदल्या दिवशी त्यांनी आमचे प्रात्यक्षिक दारातून पाहिले होते. नातेवाइकांनाही शिकवायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

दर दोन तासांनी कूस बदलणे बहुतेकींना पाठ असते. ‘लवकर उठवा’ हे मात्र जपून सांगावे लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांच्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि अधिक वेळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी चांगली आढळली. त्यामुळे डॉक्टरांच्या संमतीने, रक्तदाब पाहून, रुग्णाला आधी पलंगाच्या कडेला थोडाच वेळ बसवायचे आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवायची नाही.