तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं की झालं का?

बडोद्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न सारखा येतो. नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर गुजरातीत नाहीतर इंग्रजीत येतं. मग निदान आजीचं बोलणं तरी मोबाइलवर धरून ठेवावं, असं वाटतं. ठेवावंच. मात्र कसंबसं केलेलं रेकॉर्डिंग दहा वर्षांनी कुणाच्या कामाचं राहत नाही.

मराठी काही मरायला टेकलेली नाही. २०११च्या जनगणनेत ती आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. जाते आहे ती गायकवाडी काळापासून गुजरातीच्या शेजारात वाढलेली इथली मराठी. ती वेगळी मोजायला कुणी येणार नाही. त्याच जनगणनेत लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावं सांगितली होती. छाननीनंतर त्यांतल्या १,३६९ मातृभाषा ओळखल्या गेल्या, आणि दहा हजारांवर भाषक असलेल्या तेवढ्या १२१ भाषांखाली दाखवल्या गेल्या. बडोद्याच्याच ‘भाषा’ संस्थेने २०१० साली भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण हाती घेतलं, त्यात ७८० भाषा नोंदल्या गेल्या. घरातली बोली मात्र घरातल्यांनीच नोंदवायची असते.

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर भागवू नका. त्यात आवाज दाबला जातो आणि नेमके बारीक उच्चार पुसट होतात. ‘चार’ आणि ‘चाक’, ‘जीव’ आणि ‘जवळ’ यांतले च-ज आपण वेगळे म्हणतो, पण लिहितो एकाच अक्षराने. गुजरातीत वाढणारी मुलं हा फरक आधी हरवतात, आणि तो कागदावर उतरतच नसल्याने आवाजातच जपावा लागतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये वेव्ह फाइल निवडा: ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. सर्वांत जास्त घात करतो तो डोक्यावरचा पंखा. बडोद्याच्या उन्हाळ्यात तो बंद ठेवणं आजीला सोसायचं नाही, म्हणून सकाळी सातच्या आत बसा. गाद्या-पडद्यांची खोली बरी. मोकळ्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं जन्मगाव आणि त्यांना येणाऱ्या इतर भाषा फोनवरच बोलून घ्या. वेगळ्या कागदावर लिहिलेली माहिती हमखास हरवते. रेकॉर्ड करायला आणि पुढे कुणाला ऐकवायला त्यांची हरकत आहे का, हेही तिथेच विचारा.

‘याला मराठीत काय म्हणतात?’ असं विचारलंत की आजी सावध होते आणि पुस्तकी बोलू लागते. काम हातात द्या. तांदूळ पाखडताना, फडताळ आवरताना, पुरण वाटताना सूप, रोवळी, सांडशी हे शब्द आपोआप येतात, आणि त्याहून मोलाची क्रियापदं येतात. मध्ये ‘हं हं’ करू नका, नुसती मान हलवा. आणि चुकूनही सुधारू नका. ‘मला इथे फावतं’ असं आजी म्हणाली तर तसंच राहू द्या. पुण्याकडे चोराचं फावतं. गुजरातीत ‘फाववुं’ म्हणजे सोयीचं पडणं, जमणं. असा शब्द म्हणजे बोलीतली खोट नव्हे, तो या घराचा इतिहास आहे.

एका बैठकीत वीस मिनिटं पुरेत, कारण खरं काम पुढे असतं. तासाभराचं बोलणं अक्षरशः उतरवायला आठ-दहा तास धरा, सवय नसेल तर जास्तच. त्याच आठवड्यात बसा, म्हणजे न कळलेला शब्द आजीलाच विचारता येतो. ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. त्यात तीन ओळी ठेवा: बोललं तसं, प्रमाण मराठीत, आणि नातवंडाला कळेल त्या भाषेत अर्थ. मोबाइलचा कीबोर्ड शब्द परस्पर ‘दुरुस्त’ करतो, ती सोय बंद करा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस आधी. प्रती तीन, त्यांतली एक घराबाहेर. एकट्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नये.

इंटरनेटवर टाकायचं का, हे सावकाश ठरवा. ज्या बोलीचे नमुने मिळत नाहीत ती यंत्रांना नीट समजत नाही, हे खरं आहे. पण एकदा बाहेर गेलेला आवाज परत घेता येत नाही. कृती आणि ओव्या द्यायला हरकत नसावी, भाऊबंदकीच्या गोष्टी घरात राहू द्याव्यात.

आता मूळ प्रश्न. युनेस्कोने २००३ साली भाषेचा जोम मोजायला नऊ कसोट्या सुचवल्या. त्यांत पहिली आहे ती एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जाते का ही. रेकॉर्डिंगने ती पुरी होत नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी १९८२पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उभी केली: शाळेआधीच्या वयाची मुलं आणि त्यांच्याशी फक्त माओरीत बोलणारी वडीलधारी माणसं.

म्हणून फोन तुमच्या हातात नको, नातवंडाच्या हातात द्या. प्रश्न त्याने विचारायचे, मोडक्या मराठीत का होईना. लिंग चुकलं, ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर हसू नका. दोनदा हसलात की तिसऱ्यांदा ते मूल गुजरातीतच विचारेल. आजीने तेच वाक्य बरोबर करून उत्तरात घ्यावं आणि पुढे बोलत राहावं. मूल अडलं तर लगेच शब्द पुरवू नका, मनात पाचपर्यंत मोजा. त्या शांततेत बहुतेक वेळा ते स्वतःच शब्द शोधतं.